विषय: हॉलमधलं वॉशिंग मशीन तालमीत मध्येच बोलतं

प्रेषक: मेधा (एडिसन, न्यू जर्सी)

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या नाटुकल्याची तालीम यंदा आमच्याकडे असते, त्यामुळे शनिवारी आलेल्यांनी हे ऐकलंच आहे. तिसऱ्या प्रवेशात आई म्हणते, "घर किती शांत वाटतंय ना!" आणि नेमकं त्याच वाक्याला आमचं मशीन स्पिनला गेलं. लोक हसले, पण तो विनोद संहितेत नव्हता.

आमच्या टाउनहाउसचा खालचा मजला सगळा मोकळा. ओटा, जेवणाचं टेबल, हॉल, मध्ये एकही भिंत नाही. पॅन्ट्रीला लागून कपाटाएवढ्या जागेत वॉशर आणि गॅसचा ड्रायर शेजारी शेजारी बसवलेत, आणि पुढे पट्ट्यापट्ट्यांचे घडीचे दरवाजे. घर घेताना "धुणं खालीच, किती सोयीचं" म्हणून आम्हीच खूश झालो होतो. पुण्याहून आलेल्या सासूबाई दुपारी सोफ्यावर आडव्या होतात आणि दचकून उठून विचारतात, "विमान इतक्या खालून जातं का गं इथे?"

आतापर्यंत फोमचे चौकोन आणून आतल्या भिंतीला चिकटवले आणि मशीनच्या पायांखाली रबरी पॅड घातले. फोमने काडीचा फरक नाही. पॅड घातल्यापासून तर मशीन जास्तच डुलतंय असं मला वाटतं. घरात आता जाड भरीव दरवाजा बसवायचं घाटतंय, त्याचा खर्च बराच आहे. कोणी हे केलंय का?

मेधा

---

प्रेषक: संदीप (पार्सिपनी)

रात्री लावून झोपून जा, सकाळी कपडे तयार! नाहीतर ढोल पथकात ये. एक महिना सरावाला आलीस की मशीन ऐकूच येणार नाही. (पथकाला अजून चार ताशे हवेत, इच्छुकांनी वेगळी मेल करावी.)

---

प्रेषक: अविनाशकाका (ब्रिजवॉटर)

मेधा,

संदीपचं ऐकू नकोस. ड्रायर चालू ठेवून झोपायचं नाही आणि घराबाहेरही पडायचं नाही. आतला कापसाचा भुगा पेट घेतो.

आता आवाजाचं. तो दोन वाटांनी येतो, हवेतून आणि घराच्या लाकडातून. फोम खोलीत घुमणारा आवाज थोडा शोषतो, पण पलीकडे जाणारा अडवायला वजन लागतं आणि फोमला वजनच नाही. तुझं दुखणं मला दुसऱ्या वाटेचं वाटतंय. खात्री करून घे. स्पिन चालू असताना सोफ्याजवळ जमिनीवर तळहात टेकव. थरथर लागली तर तुझा अख्खा हॉल ढोलाच्या पानासारखा वाजतोय, आणि मग दरवाजा कितीही जाड बसवलास तरी पैसे पाण्यात.

मी नोकरीभर पंपांची कंपनं मोजली, म्हणून हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. अर्धा किलोचा ओला पंचा ड्रमच्या एकाच बाजूला चिकटला, ड्रमची त्रिज्या पाव मीटर, फेऱ्या मिनिटाला १,२००. तेवढा पंचा ड्रमला सुमारे २०० किलो वजनाच्या जोराने ओढतो, आणि ती ओढ सेकंदाला २० वेळा गोल फिरते. आतल्या स्प्रिंगा आणि शॉक अॅब्सॉर्बर त्यातलं बरंचसं गिळतात. जे उरतं ते पायांतून तुझ्या जमिनीत जातं.

म्हणून आधी फुकटचे उपाय. ते रबरी पॅड काढ. काँक्रीटवर ते ठीक, पण लाकडी जमीन आधीच लवते, त्यात मऊ पॅडवर उभं केलेलं फ्रंट लोडर झुलायला लागतं. मागच्या बाजूला वाहतुकीचे बोल्ट (मशीन आणताना ड्रम हलू नये म्हणून लावलेले) राहून गेले नाहीत ना ते बघ (हसू नकोस, माझ्या मुलाकडे सहा महिने तसेच होते). मग स्पिरिट लेव्हल ठेवून पाये सारखे कर आणि चेकनट (पाया फिरू नये म्हणून त्यावर असलेला नट) पान्याने वर, मशीनच्या बुडाला घट्ट आवळ. चेकनट सैल राहिला तर पाया आपोआप फिरतो आणि दोन महिन्यांत पहिले पाढे पंचावन्न. शेवटी वरच्या पत्र्याचे समोरासमोरचे कोपरे आळीपाळीने दाब. जराही टक टक नको. मशीन भिंतीला किंवा ड्रायरला टेकत असेल तर बोटभर सरकव.

स्पिनचा वेग ८०० वर आणलास तर ती ओढ निम्म्याहून खाली येते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. कपडे जरा ओले निघतील आणि ड्रायर जास्त वेळ चालेल, एवढंच.

खाली तळघर आहे ना? छत उघडं असेल तर मशीनखालच्या तुळया सापडतील, साधारण १६ इंचांवर एकेक. त्यांच्यामध्ये आडवे ठोकळे घट्ट बसवून घे. छत बंद असेल तर वरून पाऊण इंची प्लायवूड दोन-तीन तुळयांवर जाईल एवढं मोठं घेऊन स्क्रूने आवळ, आणि मशीन त्यावर ठेव.

काका

---

प्रेषक: मेधा

काका,

थरथर लागली, अगदी टीव्हीच्या स्टँडपर्यंत. बोल्ट काढलेले होते. पण मागचा उजवा पाया जमिनीला टेकतच नव्हता! खाली कागद घातला तर सरळ आरपार गेला. चारही चेकनट हाताने फिरत होते.

आणखी एक गंमत. जो खडखडाट मी मशीनचा समजत होते, त्यातला बराचसा वरच्या तारेच्या फळीचा होता. साबणाच्या बाटल्या एकमेकींवर आपटत होत्या. बाटल्या खाली ठेवल्या, त्याबरोबर निम्मं रडगाणं थांबलं.

पण गुरुवारी पुन्हा तोच थयथयाट. उघडून बघते तर सासूबाईंनी त्यांची गोधडी एकटीच आत घातलेली. पाणी पिऊन तिचा गोळा झाला होता. मशीन थांबायचं, उलट-सुलट फिरून ती पसरायला बघायचं, पुन्हा वेग घ्यायचं, पुन्हा थांबायचं. पंच्याला २०० किलो, तर गोधडीला किती, तुम्हीच सांगा. मी सासूबाईंना तुमचा हिशेब समजावला. त्या म्हणाल्या, "मला काय माहीत, तूच म्हणालीस सगळं मशीनमध्ये टाका." खरंच म्हणाले होते.

आता दरवाजाचं सांगा ना. सुतार पुढच्या आठवड्यात येणार आहे.

मेधा

---

प्रेषक: अविनाशकाका

सुताराला थांबव.

तुमचे पट्ट्यांचे दरवाजे हौस म्हणून नाहीत. ड्रायर मिनिटा मिनिटाला पुष्कळ हवा बाहेर फेकतो आणि तेवढीच आत यावी लागते. ड्रायर कपाटात असेल तर किमान १०० चौरस इंचांचं उघडं तोंड लागतं, तसा नियमच आहे. त्यात तुमचा गॅसचा. हवा कोंडली तर जळणही नीट होत नाही. तो प्रयोग घरात नको.

आणि १०० चौरस इंच उघडे ठेवून भरीव दरवाजा लावलास तर? ५ फूट बाय ६ फूट ८ इंच म्हणजे ४,८०० चौरस इंच. त्यात दोन टक्के भोक. मग बाकीचा दरवाजा शिशाचा केलास तरी १७ डेसिबलच्या आसपासच अडणार. आत्ताचे दरवाजे जवळजवळ काहीच अडवत नाहीत, तेव्हा तेवढाही फरक कानाला कळेल. पण तो सुताराच्या बिलाएवढा आहे का, हे तू ठरव. करायचंच असेल तर हवेची वाट समोरून सरळ नको. आतून शोषक अस्तर लावलेला, एक-दोन वळणांचा बोळ करून पॅन्ट्रीच्या बाजूने काढ. हवा वळते, आवाज वळणावर दमतो. ते काम सुताराचं नाही, गॅसच्या कामाचा परवाना असलेल्या माणसाला दाखवल्याशिवाय करू नकोस.

मी असतो तर आधी तळघरातले ठोकळे बसवले असते. माझ्याकडे लाकडाचे तुकडे पडलेत. रविवारी करवत घेऊन येतो. चहा मात्र आलं घालून.

काका

---

प्रेषक: मेधा

मंडळी,

काका आणि संदीप दोघेही आले (संदीपने लाकूड धरलं, कापू दिलं नाही). दोन तुळयांच्या गाळ्यांत ठोकळे बसले. आता स्पिनमध्ये घरघर ऐकू येते, पण सोफा हलत नाही, आणि ओट्यापाशी उभं राहून फोनवर बोलता येतं. ड्रायरमध्ये जीन्सची बटणं अजून टणटण वाजतात, त्याला इलाज म्हणजे जीन्स उलटी करून टाकणे. दरवाजा रद्द. फोमचे चौकोन काढलेत, कोणाला हवे असतील तर फुकट न्या, मागे डिंक आहे.

गोधडी सासूबाई आता बाथटबमध्ये पायाने तुडवून धुतात आणि मागच्या डेकच्या कठड्यावर टाकतात. बाहेर कपडे दिसले म्हणून घरमालकांच्या असोसिएशनचं पत्र यायच्या आत वाळली तर बरं.

शनिवारची तालीम चार वाजता. तिसऱ्या प्रवेशातलं ते वाक्य दिग्दर्शकांनी मशीनच्या आवाजासकट ठेवायचं ठरवलंय, तेव्हा मशीन लावायला एक माणूस हवा आहे.

मेधा