गावाचे क्षेत्रफळ ८१२ की ९०५ हेक्टर? क्यूजीआयएस शिकताना आलेल्या अडचणी

कऱ्हाकाठची (प्रश्न):

सर्वांना नमस्कार. मी भूगोलात पदव्युत्तर शिक्षण घेतले असून सध्या पुरंदर तालुक्यातील आमच्या गावच्या पाणलोट आराखड्यासाठी ग्रामपंचायतीला मदत करते. विहिरी, बंधारे, पाझर तलाव आणि ओढे एका नकाशावर आणावेत आणि कोणत्या ओढ्याला किती क्षेत्राचे पाणी येते हे ग्रामसभेत दाखवता यावे, एवढाच आमचा हेतू आहे. विकतचे सॉफ्टवेअर ग्रामपंचायतीच्या आवाक्याबाहेर आहे, म्हणून क्यूजीआयएस हे नकाशे बनवण्याचे मोफत सॉफ्टवेअर निवडले. पूर्वी मी एके ठिकाणी पंधरा दिवसांचा वर्ग केला होता. तेथे कोणते बटण कोठे आहे हे शिकवले, पण ते का दाबायचे हे सांगितले नाही, आणि सरावासाठी दिलेली माहिती परदेशातील एका शहराची होती. त्यामुळे आलेले उत्तर बरोबर की चूक, हे ओळखण्याची सोयच नव्हती.

आता अडचणी सांगते. मोबाइलवर घेतलेल्या बिंदूंच्या आणि उपग्रह-प्रतिमेच्या आधाराने मी गावची शीव रेखाटली आणि क्षेत्रफळ काढले, तर उत्तर ०.०००६९४ आले. एका मित्राने सांगितले की एकक मीटर हवे, म्हणून मी तोच लेयर (नकाशातील माहितीचा थर) ईपीएसजी ३८५७ या क्रमांकाच्या निर्देशांक-पद्धतीत साठवला. तेव्हा ९०५ हेक्टर आले. महसुली नोंदीत गावाचे क्षेत्र ८१२ हेक्टर आहे. तब्बल ९३ हेक्टरांचा फरक शीव रेखाटण्यातल्या चुकीने पडेल असे मला वाटत नाही.

दुसरे असे की, स्कॅन केलेला गावनकाशा दक्षिणेकडे नीट बसतो, पण उत्तरेकडचे गट सुमारे ६० मीटर सरकलेले दिसतात. तिसरे, विहिरींच्या तक्त्यातील मराठी शीर्षके फाइल साठवल्यावर तुटतात. आणि ओढ्याचे पाणलोट क्षेत्र काढायला सुरुवात कोठून करावी, हेही कृपया सांगावे.

सह्यकडा:

ताई, तुमची शीव बरोबर आहे. चूक मापाच्या पद्धतीत आहे, आणि ती तुम्ही आकड्यांसह सांगितल्यामुळे उलगडणे सोपे झाले.

पहिले उत्तर चौरस अंशांत आलेले आहे. तुमचा लेयर डब्ल्यूजीएस ८४ मध्ये, म्हणजे अक्षांश-रेखांशांत आहे, आणि तुम्ही भूमितीवर थेट ‘एरिया’ हे फंक्शन वापरले असणार. ते लेयरच्या एककातच उत्तर देते. पुरंदरच्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश सुमारे १०५.७ किलोमीटर आणि अक्षांशाचा एक अंश सुमारे ११०.७ किलोमीटर भरतो. ०.०००६९४ ला या दोन्ही आकड्यांनी गुणून पाहा: ८.१२ चौरस किलोमीटर येतात, म्हणजे नेमके तुमचे ८१२ हेक्टर.

दुसऱ्या उत्तराचे कारण अधिक फसवे आहे, कारण त्यात एकक खरोखरच मीटर असते. ३८५७ ही संकेतस्थळांवरील नकाशांसाठी रूढ झालेली मर्केटर पद्धत आहे, आणि ओपनस्ट्रीटमॅपचा पार्श्वनकाशा रिकाम्या प्रोजेक्टमध्ये आधी उघडला की प्रोजेक्ट आपोआप तीच पद्धत घेतो. या प्रक्षेपात, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर आणण्याच्या या रीतीत, विषुववृत्तापासून दूर जावे तसे क्षेत्र फुगत जाते. तुमच्या अक्षांशावर ही फुगवट अकरा टक्क्यांहून थोडी अधिक आहे. ८१२ मध्ये तेवढी वाढ केली की ९०५ होतात. ३८५७ मधील मीटर हे जमिनीवरचे मीटर नाहीत, हे एकदा मनात पक्के बसले की पुढच्या अनेक चुका टळतात.

पृथ्वीचे सहा-सहा अंश रेखांशांचे पट्टे करून मीटरमध्ये मोजणारी यूटीएम ही पद्धत आहे; तुमच्या गावासाठी तिचा ४३ उत्तर हा पट्टा योग्य आहे. त्याचा क्रमांक ईपीएसजी ३२६४३. लेयर त्यात ‘एक्स्पोर्ट’ करून नवीन फाइल बनवा. येथे एक धोका आवर्जून सांगतो. ‘सेट लेयर सीआरएस’ (सीआरएस म्हणजे निर्देशांक-पद्धत) आणि ‘रिप्रोजेक्ट’ (‘एक्स्पोर्ट’मध्ये हेच होते) या दोन वेगळ्या क्रिया आहेत. पहिली केवळ पाटी बदलते, दुसरी निर्देशांक बदलते. पाटी बदलणे म्हणजे सातबाऱ्यावरचा आकडा तसाच ठेवून ‘आर’ खोडून ‘एकर’ लिहिण्यासारखे आहे. मूळ पाटीच चुकलेली असेल तेव्हाच पहिली क्रिया करावी. एरवी नेहमी दुसरी.

फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये, म्हणजे तक्त्यातील रकान्यांचे गणित करणाऱ्या साधनात, डॉलरचे चिन्ह लावलेले ‘$एरिया’ वापरले आणि प्रोजेक्टमध्ये डब्ल्यूजीएस ८४ हे पृथ्वीच्या आकाराचे लंबगोल निवडलेले असले, तर लेयर कोणत्याही पद्धतीत असला तरी जमिनीवरचे क्षेत्र मिळते. दोन्ही रीतींनी काढून ताडून पाहा. यूटीएममध्ये ते अर्ध्या हेक्टरच्या आसपास कमी येईल. त्या पट्ट्याचा मध्य रेखांश ७५ अंश आहे, आणि त्याच्या जवळच्या भागात यूटीएम किंचित कमी मोजते.

वणीकर:

वरील उत्तराला एक पुरवणी जोडतो, कारण हा धागा विदर्भातील कोणी वाचत असेल तर तो सरसकट ३२६४३ वापरेल. ४३ वा पट्टा पूर्व रेखांश ७२ ते ७८ अंशांचा आणि ४४ वा ७८ ते ८४ अंशांचा आहे. ही ७८ अंशांची रेघ आमच्या यवतमाळ जिल्ह्याला चिरून जाते: पुसद आणि दिग्रस ४३ मध्ये, तर यवतमाळ शहर, पांढरकवडा आणि वणी ४४ मध्ये येतात. वर्धा, नागपूर, चंद्रपूर, गोंदिया ही शहरेही ४४ मध्येच. त्या पट्ट्याचा क्रमांक ३२६४४ आहे. जिल्ह्याचे दोन अर्धे दोघांनी दोन पट्ट्यांत केले आणि मग जोडायला बसले, असा प्रसंग आमच्या गटावर आला होता. निर्देशांकांची सरमिसळ झाल्यामुळे विहिरींची जागा पुन्हा तपासण्यात आमचे तीन दिवस गेले. संपूर्ण जिल्ह्याचे काम असेल तर आरंभीच एक पद्धत ठरवावी आणि ती लेखी नोंदवून सर्वांना द्यावी.

मराठी शीर्षकांबद्दल: तुम्ही शेपफाइल या अनेक जोडफाइलींच्या जुन्या रचनेत साठवता आहात ना? त्या रचनेत रकान्याच्या नावाला फक्त दहा बाइट मिळतात. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणून ‘विहिरीची खोली’ यातले व, वेलांटी आणि ह एवढेच मावते. ‘विहिरीचा व्यास’ हा रकाना असेल तर तोही तसाच तुटणार, आणि दोन्ही एकमेकांपासून ओळखता येणार नाहीत. यावर उपाय म्हणजे जिओपॅकेज ही दुसरी फाइल-रचना. त्यात ही मर्यादा नाही, विहिरी, ओढे, गट हे सर्व लेयर एकाच फाइलमध्ये राहतात आणि पेनड्राइव्हवर देताना एखादी जोडफाइल मागे राहून जाण्याची भीती उरत नाही. मराठीत नोंदी ठेवण्याचा आग्रह मात्र सोडू नका. ग्रामसभेत तक्ता वाचणाऱ्यांना ‘वेल डेप्थ’पेक्षा ‘खोली’ लगेच कळते.

बांधबंदिस्ती:

मी काही वर्षे पाणलोटाच्या कामात आहे, त्यामुळे उरलेल्या दोन प्रश्नांवर लिहितो.

गावनकाशा बसवताना नियंत्रण बिंदू (नकाशावर आणि जमिनीवर दोन्हीकडे नेमक्या ओळखता येणाऱ्या जागा) किती घेतले आणि कोठे घेतले, हे महत्त्वाचे आहे. उत्तरेकडचा भाग सरकतो आहे, त्यावरून तुमचे बहुतेक बिंदू गावठाणाच्या आसपास दक्षिणेला असावेत असा माझा अंदाज आहे. बिंदू नकाशाच्या चारही अंगांना पसरलेले हवेत. तीन गावांच्या शिवा जेथे मिळतात तेथील दगड, जुन्या विहिरी, देऊळ, न हललेल्या बांधांचे कोपरे हे चांगले बिंदू होत. रस्त्याचे वळण घेऊ नका, कारण रुंदीकरणात ते बदललेले असते. ओढ्याचा काठ तर मुळीच नको. नकाशा जागेवर बसवण्याच्या गणिती सूत्रांपैकी प्रथम श्रेणीच्या पॉलिनॉमियल रूपांतराला किमान तीन आणि द्वितीय श्रेणीला सहा बिंदू लागतात. पण किमान संख्येवर कधीच थांबू नये, कारण तेवढ्याच बिंदूंत चूक शून्य दिसते आणि ती खरी नसते. दहा-बारा बिंदू घ्या, प्रत्येकाची शेष चूक (बसवल्यानंतरही उरणारे अंतर) पाहा आणि जो बिंदू इतरांपेक्षा फारच चुकतो तो प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासा. ‘थिन प्लेट स्प्लाइन’ निवडल्यास सगळे बिंदू चपखल बसलेले दिसतील, परंतु ती पद्धत रबर ताणल्यासारखा नकाशा ओढून प्रत्येक बिंदूवर बसवते. एखादा बिंदू चुकीचा असेल तर आजूबाजूचे गटही चुकीच्या जागी जातात आणि आपल्याला पत्ता लागत नाही. आणखी एक गोष्ट सांगणे मला माझे कर्तव्य वाटते. असा बसवलेला नकाशा आराखड्यासाठी उपयोगी आहे, पण हद्दीच्या वादात तो पुरावा म्हणून कोणी पुढे केला तर स्पष्ट नकार द्या. मोबाइलचा बिंदू मोकळ्या आकाशाखालीही काही मीटर चुकतो, आणि बांधावरून होणाऱ्या भांडणात एक मीटरसुद्धा फार असतो. ते काम भूमी अभिलेख कार्यालयाच्या मोजणीचेच आहे.

आता पाणलोट. त्यासाठी जमिनीच्या उंचीचा आराखडा लागतो. फेब्रुवारी २००० मध्ये ‘एंडेव्हर’ या अंतराळयानावरील रडारने केलेल्या मोजणीतून तयार झालेला एसआरटीएम हा संच ३० मीटर चौकटींत मोफत मिळतो. तो आधी यूटीएममध्ये आणा. उंची मीटरमध्ये आणि अंतर अंशांत अशा अवस्थेत उतार काढला, तर सगळा प्रदेश कड्यासारखा उभा दिसतो. त्यानंतर क्यूजीआयएसमधूनच ग्रासचे ‘आर.वॉटरशेड’ हे उंचीवरून प्रवाहरेषा काढणारे साधन चालवा. ग्रास हे १९८० च्या दशकात अमेरिकी सैन्याच्या एका बांधकाम-संशोधन प्रयोगशाळेत सुरू झालेले सॉफ्टवेअर आहे. आज ते मुक्त स्रोत असून क्यूजीआयएसच्या बहुतेक संचांबरोबर येते. किती क्षेत्राचे पाणी जमले की ओढा धरायचा, तो किमान आकडा आर.वॉटरशेड चौकटींत मागते. एक चौकट ९०० चौरस मीटर, म्हणजे जवळपास नऊ गुंठे. ५०० चौकटी दिल्या तर ४५ हेक्टरांहून मोठा पाणलोट असलेले ओढेच रेखले जातील. आपल्याकडच्या डोंगरउतारासाठी ३०० ते १००० यांत दोन-तीन वेळा करून पाहावे आणि जो आकडा गावकऱ्यांच्या ओळखीचे ओढे दाखवतो तो ठेवावा.

शेवटची पायरी बंधाऱ्याच्या बिंदूवरून वरचे क्षेत्र काढण्याची, म्हणजे ‘आर.वॉटर.आउटलेट’. येथे बहुतेक जण अडतात. बिंदू संगणकाने काढलेल्या प्रवाहरेषेच्या चौकटीतच पडला पाहिजे; शेजारच्या चौकटीत पडला तर उत्तर म्हणून दोन-चार चौकटींचा तुकडा मिळतो.

कऱ्हाकाठची:

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. यूटीएममध्ये क्षेत्र ८११.६ आले आणि ‘$एरिया’ने ८१२.०. शेजारच्या दोन गावांच्या शिवेवरचे दगड शोधायला गावातील एक ज्येष्ठ शेतकरी माझ्याबरोबर आले. त्यांपैकी एक दगड घाणेरीच्या जाळीत अर्धा पुरलेला होता आणि कोयत्याने जाळी तोडल्याशिवाय दिसलाच नसता. ते उत्तरेकडचे दोन बिंदू धरल्यावर ६० मीटरांची तफावत आठ मीटरांवर आली.

पाणलोटाच्या बाबतीत बांधबंदिस्ती सरांनी सांगितलेली चूक मी पहिल्याच प्रयत्नात केली. सिमेंट बंधाऱ्याचे पाणलोट क्षेत्र दोन चौकटी, म्हणजे अठरा गुंठे आले. बिंदू ४० मीटर सरकवून प्रवाहरेषेवर घेतला, तेव्हा २१४ हेक्टर आले. परंतु गावातील लोक म्हणतात की वरच्या वस्तीचे पाणी आता या ओढ्याला येत नाही. यात चूक कोणाची धरावी?

बांधबंदिस्ती:

आधी गावकऱ्यांचे म्हणणे खरे धरा आणि कारण शोधा. उंचीची मोजणी २००० सालची आहे. त्यानंतर झालेला भराव, रस्ता, पाझर तलाव किंवा सपाट केलेले शेत त्यात असणारच नाही. शिवाय ३० मीटरांच्या चौकटीला दोन मीटर रुंदीची मोरी कधीच दिसत नाही. वरच्या वस्तीकडे जाणारा रस्ता नवा असेल, तर त्याच्या वरच्या अंगाने चालत जाऊन पाणी कोणत्या मोरीतून पलीकडे जाते ते पाहा.

हे काम एखाद्या पावसाच्या दिवशी करणे उत्तम. मोबाइलवर क्यूफील्ड हे मुक्त ॲप घाला, तुमचा जिओपॅकेज त्यात न्या आणि प्रत्येक मोरीचा बिंदू, रुंदी व वाहण्याची दिशा तेथेच नोंदवा. घरी आल्यावर रस्त्याची रेघ उंचीच्या आराखड्यात दोन मीटर उंच करा, मोरीच्या जागी ती तोडा आणि आर.वॉटरशेड पुन्हा चालवा. वाचनासाठी क्यूजीआयएसच्या संकेतस्थळावरील प्राथमिक परिचय आणि प्रशिक्षण-पुस्तिका पुरेशी आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातही क्यूजीआयएसची मालिका आहे. आवृत्ती मात्र दीर्घकालीन आधार असलेलीच घ्या, दर चार महिन्यांनी येणारी नवी नको.

कऱ्हाकाठची:

रस्ता नवाच आहे, आठ-नऊ वर्षांपूर्वीचा. काल सायंकाळी वस्तीवरच्या एका काकूंना विचारले, तर त्यांनी सांगितले की भराव पडल्यापासून पाणी खालच्या बाजूच्या दुसऱ्या ओढ्याला जाते आणि त्यांच्या विहिरीचा पाझर तेव्हापासून घटला. म्हणजे बंधाऱ्याचे क्षेत्र २१४ हेक्टरांपेक्षा बरेच कमी असणार. क्यूफील्ड मोबाइलवर घातले आहे आणि मोऱ्यांसाठी रुंदी, उंची, दिशा आणि ‘तुंबलेली आहे का’ असे चार रकाने मराठीतच केले आहेत. पहिला चांगला पाऊस झाला की रस्त्याने चालत जाऊन सर्व मोऱ्या नोंदवते आणि नवे क्षेत्र येथेच कळवते.