लेटंट हीट शून्य, मग सीपी अनंत कशी? (मदत हवी आहे)

मंडळी, थर्मोडायनॅमिक्सवाले कोणी असाल तर जरा मदत करा. पाण्याचा क्रिटिकल पॉइंट ३७४ अंश सेल्सियस आणि साधारण २२१ बार. त्या टोकाकडे जावं तसतशी लेटंट हीट (तापमान न वाढता द्रवाची वाफ करायला लागणारी उष्णता) कमी होत जाते आणि तिथे शून्य, कारण द्रव आणि वाफ यांची घनता एकच होते, फरकच उरत नाही. हे पटतं. पण त्याच जागी सीपी (स्थिर दाबाला तापमान एक अंश वाढवायला लागणारी उष्णता) अनंताकडे जाते, आणि माझी गाडी इथेच अडलीये.

गणित कळतं हो, वास्तव वायूंसाठीच्या व्हॅन डर वाल्सच्या समीकरणात तिथे आयसोथर्म (स्थिर तापमानाची दाब-आकारमान रेषा) आडवी होते म्हणून सीपी वजा सीव्ही (स्थिर आकारमानाची तशीच उष्णता) अनंत येतं, पण रेणूंच्या पातळीवर ती उष्णता खर्च कशावर होते?

दुसरं म्हणजे २५० बारवर पाणी तापवलं तर उकळणं असं काही होतच नाही, बुडबुडे नाहीत, पृष्ठभाग नाही, तरी ३८५ अंशांच्या आसपास सीपीचा उंच सुळका येतो आणि घनता झपाट्याने उतरते. म्हणजे लेटंट हीटच थोड्या अंशांत पसरली असं म्हणायचं का? मला तसं वाटतं, पण खात्रीने सांगणारं कोणीतरी हवंय.

आणि कार्बन डायऑक्साइड ३१ अंशांजवळ, क्रिटिकल घनतेला भरलेल्या नळीत, दुधासारखा धूसर होतो तो घनतेच्या चढउतारांमुळे, तर सीपी वाढायचं कारणही तेच का? चुकत असेन तर कुठे ते नीट सांगा, उत्तर लांबलं तरी चालेल.