पद्मिनी (१९८६): गिअर लिंकेजचे बुश आणि तिकोनी काचेचं रबर कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे १९८६ची प्रीमियर पद्मिनी आहे. पेट्रोल, १०८९ सीसी, गिअर स्टिअरिंगवर. काकांनी घेतलेली, आता माझ्याकडे आहे आणि मला ती रोजच्या वापरात ठेवायची आहे, नुसती झाकून नाही. कार्ब्युरेटरचं किट, क्लच प्लेट, व्हील सिलिंडरचं किट हे सगळं अजून मिळतं. गाडी अडलीय ती दोन फुटकळ वस्तूंवर.

पहिली म्हणजे गिअर लिंकेजचे (गिअरची दांडी गिअरबॉक्सला जोडणाऱ्या रॉडांचे) नायलॉनचे बुश, म्हणजे सांध्यात पिनेभोवती बसणाऱ्या छोट्या नळ्या. स्टिअरिंग कॉलमच्या खालच्या टोकाला रॉड जिथे लिव्हरला जोडला जातो, तिथले. ते झिजल्यामुळे दांडी सैल झालीय. पहिला टाकताना रिव्हर्सकडे ओढते, आणि कधीकधी दोन गिअरच्या मध्येच अडकते. मुंबईत टॅक्सी होत्या तोवर हे बुश टॅक्सीवाल्यांच्या कुठल्याही मेकॅनिककडे मिळायचे. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ साली ताडदेव आरटीओत नोंदली गेली, तिची २० वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३मध्ये संपली आणि या वस्तूंची मागणीच आटली. कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात नाना पेठ आणि जुना बाजार पालथे घातले. 'प्रीमियर' म्हटलं की काही जण ११८ एनई या प्रीमियरच्याच दुसऱ्या गाडीचा माल पुढे करतात, पण ती फियाट १२४च्या घराण्यातली, गिअर खाली जमिनीवर. आपल्या काही कामाचं नाही.

एका मेकॅनिकने पितळी बुश करून दिले होते, ते मी काढून टाकले. पितळ खडखडतं आणि पिन खातं. बुश झिजला तर बदलता येतो, पिन झिजली तर सगळा लिव्हरच शोधत बसावं लागेल. म्हणून डेलरिन या टणक प्लास्टिकचे करून घ्यायचा विचार आहे; नायलॉन दमट हवेत पाणी शोषून फुगतं, डेलरिन फारसं फुगत नाही. अडचण मापाची आहे. माझे बुश इतके झिजलेत की मूळ माप कळत नाही. ज्यांच्याकडे चांगला बुश असेल त्यांनी कृपया व्हर्नियरने आतला व्यास, बाहेरचा व्यास, एकूण लांबी आणि कॉलरची जाडी मोजून इथे लिहावी. एवढं मिळालं तरी निम्मं काम झालं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुणी अशी दहा-वीस नगांची लेथची कामं घेतं का?

दुसरी वस्तू पुढच्या दरवाजातल्या फिरणाऱ्या तिकोनी काचेचं रबर, दोन्ही बाजूंचं. मीटरवर मिळणारं बीडिंग लावून पाहिलं. सरळ बाजूला बसतं, पण कोपऱ्यात आणि काच जिच्यावर फिरते त्या पिनेपाशी फट राहते. पावसाचं पाणी तिथून दरवाजाच्या आत उतरतं आणि खालचा पत्रा आतून गंजतो. हे मला सगळ्यात जास्त खुपतं, कारण पत्रा एकदा गेला की जुन्या गाडीत पुन्हा तसा बसत नाही. मूळ रबर साच्यातलं होतं. नवा साचा एका गाडीसाठी परवडणार नाही, पण आठ-दहा पद्मिनीवाले एकत्र आलो तर खर्च वाटून घेता येईल. कुणाला रस आहे? नमुन्यासाठी न तडकलेलं एक तरी रबर लागेल. सुखरूप परत पाठवेन, कुरिअर माझ्याकडे.

नाशिक, नागपूरकडे भंगारात पद्मिनी उभी असेल आणि दरवाजे शाबूत असतील तर तेही कळवा. काचेच्या चौकटीसकट अख्खा दरवाजा घ्यायला तयार आहे.