मदत हवी आहे: दोन लिप्यांचे वाचन एकत्र शिकवावे का?
माझी मुलगी इंग्रजी माध्यमात पहिलीत असून घरी आम्ही मराठी बोलतो. बाराखडीमुळे ती मराठी शब्द वाचते, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरे तेवढी अडवतात; इंग्रजीत मात्र 'पुट' आणि 'बट' या शब्दांत 'यू'चे उच्चार वेगळे का, इथेच गाडी अडते. शाळेने मराठी वाचन तूर्त थांबवायला सांगितले आहे, ते मला पटत नाही, कारण मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रातील २०११ च्या अभ्यासात, हिंदी व इंग्रजी वाचन लहानपणी एकाच वेळी शिकलेल्या प्रौढांचे मेंदू दोन लिप्यांसाठी निरनिराळे मार्ग वापरताना दिसले होते. दोन्ही लिप्या एकत्र शिकवलेल्या पालकांनी रोजचा वेळ कसा विभागला, आणि हे नेहमीचे अडखळणे की डिस्लेक्सिया (वाचन शिकण्यातील विशिष्ट अक्षमता), हे शिक्षक कशावरून ओळखतात, ते कृपया सांगावे.