चाळिशी-पन्नाशीत गुडघे कुरकुरतात, तरी पाय कमावलेत? अनुभव लिहा

कोल्हापुरात पायात ताकद आणायची म्हटली की सल्ला ठरलेला : बैठका मार. तालमींच्या गावाला दुसरं काय सुचणार! पण ज्याच्या वाटीमागं झीज झालीय, गुडघ्यातली गादी फाटलीय, किंवा पेठेच्या फुटबॉल संघातून खेळताना कधीकाळी लिगामेंट (हाडांना बांधून ठेवणारा दोर) तुटलंय, त्यानं पन्नाशीत बैठका माराव्यात का? दुसऱ्या बाजूला "आता गुडघ्यांना जपा" म्हणणारी मंडळी. त्यांचं ऐकून माणूस जिने टाळतो, खाली बसणं सोडतो आणि वर्षभरात मांडी वाळते. मांडीनं उचलायचा भार मग गुडघ्यावर येतो. या दोन्हींच्या मधून ज्यांनी वाट काढली त्यांनी इथं लिहावं. वय, गुडघ्यात नेमकं काय बिघडलंय, काय केलं, काय सोडलं, एवढं आलं तरी पुरे. तेलं, पट्टे आणि काढे यांची जाहिरात नको.

सुरुवात मीच करते. वय ५१, दोन्ही गुडघ्यांत झीज, उजवा जास्त. माझा सगळा व्यायाम एका लाकडी खुर्चीवर उभा आहे. खुर्चीवर दोन वाकळा घडी करून ठेवल्या, म्हणजे बैठक उंच झाली. हात छातीवर बांधायचे, उठायचं, आणि बसताना मनात चार आकडे मोजत सावकाश टेकायचं. धप्पकन बसलं की व्यायामाचा निम्मा फायदा गेला. दहा वेळा उठबस, थोडी विश्रांती, परत दहा. आठवड्यातून तीन दिवस, मधे एक दिवस सुट्टी. हे सहज जमायला लागलं की एक वाकळ काढायची. उजवा गुडघा दुसऱ्या दिवशी सकाळी सुजलेला वाटला तर वाकळ परत घालायची, त्यात कसली लाज. सध्या नुसत्या खुर्चीवर आलेय आणि हातात पाच किलोची तांदळाची पिशवी धरते. रंकाळ्याची फेरी चालूच आहे, पण खरं सांगते, कित्येक वर्षं नुसती चालत होते तेव्हा जिना चढायला काही फरक पडला नव्हता. चालण्यानं दम वाढतो, पायात ताकद यायला ओझं लागतं.

तांबडी माती

ताई, बैठकांवर एवढा राग कशापायी? मी ५४ वर्षांचा. गंगावेशीच्या बाजूला वाढलो, पोरपणापासनं माती अंगाला. माझा गुडघा बैठकांनी गेला न्हाई, कुस्तीत गेला. पाय मातीत रुतलेला, समोरच्यानं वरचं अंग फिरवलं, आत कट्टकन वाजलं. गादी फाटली. म्हंजे दोष पिळाचा, बैठकीचा न्हवं.

आता बैठक मारतो, पण तालमीतली न्हाई. तालमीतल्या बैठकीत टाचा उचलत्यात, गुडघा पंजाच्या पुढं जातो आणि ढुंगण टाचंला टेकतं. सगळा जोर वाटीवर. आता मी खांबाला दोन्ही हातांनी धरतो, टाचा जमिनीला, आणि मागं स्टूल हाय असं समजून ढुंगण मागं नेत अर्ध्यातनंच वर येतो. नडगी जमंल तेवढी उभी. पयलं पयलं हसू यायचं, अशी अर्धी बैठक आमच्या वस्तादानं बघितली असती तर काठीच बसली असती. पण मांडी भरली. गुडघ्याचा कटकट आवाज अजून येतोय, दुखत न्हाई.

खरी गोची वेगळीच. कुस्ती सुटली, खुराक सुटला न्हाई. दूध, तूप, तांबडा-पांढरा, सगळं तसंच आणि मेहनत बंद. शंभरीच्या पुढं गेलो होतो. वजन उतरवल्यावर जो आराम पडला तो कुठल्या गोळीनं पडला न्हवता.

राजारामपुरीतली फिजिओ

पैलवानदादांच्या वजनाच्या मुद्द्याला आकडा जोडते. वजन एक किलो उतरलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी कमी होतो. झीज झालेल्या जाड माणसांवर मोजमाप करून हे दिसलं आहे. दिवसाची पावलं किती, याचा हिशेब आपापला करावा.

आता थोडं आतलं. गुडघ्यात पाणी साठलं किंवा सूज असली की मांडीच्या पुढच्या स्नायूला मेंदूकडून जाणारा हुकूमच अडतो. पेशंट म्हणतात, "मॅडम, जोर लावतोय पण पाय ऐकत नाही." तो आळस नसतो. म्हणून पहिले काही दिवस बैठका, जिने काही नाही. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, गुडघ्याने ती खाली दाबायची, पाच सेकंद धरायचं, सोडायचं. ते जमलं की पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. मग पाठीवर झोपून, गुडघे वाकवून कंबर उचलायची. उभं राहून टाचा उचलायच्या. सूज ओसरली की वर सांगितलेली खुर्ची.

आणि कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर, घासून संपेल म्हणून घाबरू नका. कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. सांध्यातल्या वंगणातून तिला पोषण मिळतं, आणि ते आत-बाहेर व्हायला दाब पडणं आणि सुटणं दोन्ही लागतं. गुडघा गुंडाळून ठेवला तर तिची उपासमार होते. इंग्लंडमध्ये 'नाइस' या संस्थेची सांधेझिजेवरची २०२२ ची मार्गदर्शिका आहे. तिच्यात व्यायाम सर्वांनाच सुचवला आहे, आणि सुरुवातीला दुखणं थोडं वाढू शकतं हेही पेशंटला सांगा म्हटलं आहे. ग्लुकोसामीन (सांध्यांसाठी म्हणून विकतात ती गोळी) मात्र देऊ नका, असं तिथं स्पष्ट आहे.

मी पेशंटला सांगते ती पट्टी अशी : व्यायाम करताना दहापैकी तीन-चार इतकं दुखलं तर चालू ठेवा. पाचाच्या पुढे गेलं तर कमी खाली बसा. वाढलेलं दुखणं चोवीस तासांत पूर्वपदावर आलं पाहिजे आणि सकाळी नवी सूज दिसता कामा नये. दिसली तर व्यायाम बंद करू नका, मागच्या पायरीवर या.

पण गुडघा मधेच अडकून सरळच होत नसेल, अचानक भरून आला असेल, लाल-गरम होऊन ताप असेल किंवा पोटरी सुजून दुखत असेल, तर धागे वाचत बसू नका, डॉक्टर गाठा.

मंगळवार पेठेतला जुना स्ट्रायकर

वय ४७. कोल्हापूरच्या बाहेरच्यांना वाटतं इथं फक्त कुस्ती. शाहू स्टेडियमवर पेठांची फुटबॉल मॅच असली की काय गर्दी असते ते येऊन बघा. त्याच मैदानावर वळताना माझं एसीएल, म्हणजे नडगी पुढं सरकू न देणारं गुडघ्यातलं लिगामेंट, गेलं. तेव्हा पंचविशीही नव्हती. ऑपरेशन केलं नाही. गुडघा लचकायचा, दोन दिवस लंगडायचो, परत खेळायचो. चाळिशीनंतर लचकणं चालतानाही व्हायला लागलं.

शिंप्याकडच्या टेपनं दोन्ही मांड्या मोजल्या, वाटीच्या वर एक वीत अंतरावर. डावी चांगली दोन बोटं बारीक. आरशात कधी जाणवलं नव्हतं. तेव्हापासून एक नियम : जे काही करायचं ते एकेका पायानं. दोन्ही पायांनी बैठक मारली की चांगला पाय चोरून सगळं काम करतो आणि वाळलेला तसाच राहतो.

जिममध्ये लेग प्रेस (बसून पायानं वजन ढकलायचं मशीन) एका पायानं, वजन हलकं. घरी चार बोटं उंचीच्या फळीवर चढ-उतार, मग वीतभर पायरीवर. माझ्या केसमध्ये मांडीची मागची बाजू फार महत्त्वाची, कारण नडगी पुढं सरकू न देण्याचं जे काम लिगामेंट करायचं, त्यातला वाटा आता तो स्नायू उचलतो. खुर्चीत बसून पाय पुढं झटकायचं मशीन असतं ना, त्यावर मला फिजिओनं पाय पूर्ण सरळ करू दिला नाही. शेवटच्या टप्प्यात नडगी पुढं ओढली जाते म्हणून. सगळ्यांना हे लागू नाही, लिगामेंट नसलेल्यांनी मात्र विचारून घ्या.

दात घासताना एका पायावर उभा राहतो. बायको म्हणते बगळा झालाय. पण लचकणं थांबलं ते या तोल सांभाळण्यानं, असं माझं मत. मैदानावर आता फक्त गॅलरीत.

तिसऱ्या मजल्यावरची बाई

शाळेत माझा वर्ग तिसऱ्या मजल्यावर. वय ४९. चढताना विशेष नाही, उतरताना वाटीमागं कळ. एक्स-रे जवळजवळ चांगला. "बाई, काही नाही तुम्हाला" असं ऐकून घरी आले की जास्त चिडचिड व्हायची.

मला फरक पडला तो गुडघ्यापेक्षा कंबरेच्या बाजूच्या व्यायामानं. आरशासमोर एका पायावर थोडं वाकायला सांगितलं तेव्हा दिसलं, गुडघा आतल्या बाजूला कलतोय. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलणं, मांड्यांना रबरी पट्टा बांधून खेकड्यासारखं आडवं चालणं (दार लावून!), आणि शेवटी पायरीवरून एक पाय सावकाश खाली सोडून टाच टेकवून परत वर. हा शेवटचा प्रकार कठडा धरून, अगदी बुटक्या पायरीवरून सुरू केला. ऑफ तासाला खुर्चीत बसून पाय सरळ धरून ठेवते, साडीत काही कळत नाही कुणाला.

ज्यांना अजून ताकद नाही त्यांच्यासाठी : चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. काठी घ्यायची असेल तर दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. सासूबाई वर्षभर चुकीच्या हातात धरत होत्या आणि काठीलाच शिव्या देत होत्या.

जोतिबाला आपल्याकडं गाडीनं वर गेलं की देवळाकडं पायऱ्या उतरून जावं लागतं. दर्शनाच्या आधीच गुडघे बोलायचे. या चैत्रात नाही, पण नंतर गर्दी ओसरल्यावर जाऊन आले. कठडा धरला, पण प्रत्येक पायरीला थांबले नाही.

ऊसवाला, शिरोळ

तुम्हां शहरवाल्यांचं बरं हाय. आम्ही रात्रीचं पाणी पाजायला चिखलातनं चालतोय, पेंड्या उचलतोय, आनी परत खुर्चीवर उठबस करायची? राबणाऱ्याला येगळा व्यायाम कशाला?

राजारामपुरीतली फिजिओ

दादा, रास्त प्रश्न. शेतातलं काम भरपूर असतं, पण ते रोज तेवढंच असतं आणि दुखरा पाय वाचवून केलेलं असतं. स्नायू वाढायला ओझं हळूहळू वाढवावं लागतं, आणि ते नेमक्या कमजोर पायावर पडावं लागतं. शिवाय काम थांबवता येत नाही, व्यायाम दुखल्यावर थांबवता येतो. तुम्हाला रोज करायची गरज नाही, पाणी नसलेल्या दिवशी आठवड्यातून दोनदा करा. पहिल्या तीन-चार आठवड्यांत जोर वाढल्यासारखा वाटेल, ते स्नायूला हुकूम नीट पोचायला लागल्यामुळे. मांडी डोळ्यांना भरलेली दिसायला दोन-तीन महिने जातात. त्याआधी सोडू नका.

हुपरीकर

चांदीकाम. दिवसभर खाली मांडी घालून. ४४ व्या वर्षी उठताना दोन माणसं लागायची. काम सोडणं शक्य नाही, म्हणून बैठक बदलली : जाड पाट, त्यावर उशी, आणि तासातून एकदा पाय पसरून टॉवेल दाबायचा. उठायची पद्धतही शिकलो. आधी कुशीवर वळायचं, दोन्ही हात टेकायचे, एक गुडघा उशीवर, दुसरा पाय पुढं रोवायचा आणि त्याच मांडीवर हात दाबून वर. आता हाच माझा व्यायाम झालाय, रोज दोन्ही बाजूंनी करतो. घरात कमोड बसवला, त्यावर भावकीत थट्टा झाली. होऊ दे.

एक गुडघा बदललेली

वय ५८. उजवा बदलला, डावा माझाच. ऑपरेशनच्या आधी दोन महिने मांडीचे व्यायाम करून घेतले, त्यामुळे नंतर वॉकर लवकर सुटला. बदलला म्हणजे व्यायामातून सुटका असं समजू नका, पुन्हा टॉवेलपासूनच सुरू. डाव्यासाठी घरात उभी केलेली सायकल चालवते. सीट उंच ठेवा, पेडल खाली असताना गुडघा थोडाच वाकलेला हवा. सीट खाली असली की वाटी दुखते, हे मला सायकल दुरुस्त करणाऱ्या पोरानं सांगितलं! आणि जेवणात डाळ, अंडी, दही वाढवा. भाकरी-भातावर मांडी भरत नाही.

ऊसवाला, शिरोळ

बरं, पटलं. त्यो रबरी पट्टा कुठं मिळतोय?

मंगळवार पेठेतला जुना स्ट्रायकर

खेळाच्या सामानाच्या दुकानात मिळतो. नाहीतर सायकलची जुनी ट्यूब धुऊन घे, चालते. वापरायची रीत सांगतो. ट्यूबचा फास करून खाटेच्या जड पायाला अडकव, दुसरं टोक गुडघ्याच्या मागच्या खोबणीत. खाटेकडं तोंड करून ट्यूब ताणली जाईल एवढं मागं हो. गुडघा थोडा वाकव, टाच जमिनीवरच, आणि ट्यूबच्या विरुद्ध मागं दाबत पूर्ण सरळ कर. तीन आकडे धर, सोड. हाताशी भिंत असू दे. ट्यूबला चीर पडलेली असली तर टाकून दे, सुटली तर पायावर फटका जोरात बसतो.