चुना गेलेल्या डोळ्यात दुसऱ्या डोळ्याच्या पेशी लावतात म्हणे. कुणी केलंय का?

औसेकर_मामा

नमस्कार. बहिणीची मुलगी, वय 6. बहीण पुण्याला असते, अक्षय्य तृतीयेला माहेरी औश्याला आली होती. आमच्या अप्पांची तंबाखूची चंची कोनाड्यात असते. पोरीने त्यातली चुन्याची प्लास्टिकची पुडी काढली आणि पिचकारी उडते का बघायला तोंडासमोर धरून दाबली. उजवा डोळा. घरात नुसता गोंधळ, कुणी दूध म्हणतंय, कुणी तूप. पाणी मारलं, पण थोडंच. मग गाडी शोधा, लातूर गाठा, यात वेळ गेला.

आता चार महिने झाले. बुबुळावर पांढरट पडदा चढलाय आणि त्यात लाल शिरा आल्यात. समोर हात हलवला तर कळतं, बोटं मोजता येत नाहीत. लातूरचे डॉक्टर म्हणतात, नुसतं नेत्रदानातलं बुबुळ बसवून टिकणार नाही, आधी चांगल्या डोळ्यातून मूळ पेशी घेऊन लावाव्या लागतील, हैदराबादला दाखवा.

बहीण चांगल्या डोळ्याला हात लावू द्यायला तयार नाही. भाऊजींनी जन्माच्या वेळी नाळेचं रक्त पैसे भरून साठवून ठेवलंय, ते म्हणतात त्यातूनच पेशी वाढवून घेऊ. अप्पांनी तंबाखू सोडली आणि बोलणंही. कुणाला अनुभव असेल तर सविस्तर सांगा.

साधा_माणूस

माझ्या सासऱ्यांचं बुबुळ बदललं, 20 मिनिटांचं काम, आता पेपर वाचतात. नेत्रपेढीत नाव घाला. पेशीबिशीच्या नादी लागू नका.

टपरी_उदगीर

मामा, मी उदगीरचा. पानटपरी आहे, म्हणजे चुना रोज हातात. माझा डावा डोळा 2013 साली चुन्याने गेला आणि 2015 ला बराचसा परत आला, तेवढ्या अधिकाराने सांगायलोय.

तेव्हा मी चुना घरीच करायचो. कळीचा चुना माठात टाकायचा आणि पाणी सोडायचं. त्याला उकळी फुटते. माठावर वाकू नको हे बापाने शंभरदा सांगितलेलं. त्या दिवशी गिऱ्हाईक ओरडत होतं, मी घाईत काठीने ढवळायला गेलो आणि एक बुडबुडा तोंडावर फुटला. शेजारच्या चहावाल्याने पातेल्यातलं दूध ओतलं, बरं की ते अजून चुलीवर चढलं नव्हतं. पाणी मी दोनदा मारलं आणि आग कमी झाली म्हणून थांबलो. तिथंच चुकलो. डॉक्टरांनी वरची पापणी उलटी केली तर आत मोहरीएवढे दोन खडे, आणि ते आपले झिरपतच होते. हे वाचणाऱ्या सगळ्यांसाठी: चुना गेला की दूध नको, तूप नको, गुलाबपाणी नको. नळाखाली डोकं धरा आणि अर्धा तास पाणी सोडा. मग दवाखाना.

आता ताईंच्या भीतीचं. मलाही तीच होती. एक गेला, उरलेल्याला कात्री लावू देतंय कोण? हैदराबादच्या डॉक्टरीण बाईंनी कागदावर डोळा काढून दाखवला. मॅडम तेलुगू, माझी हिंदी टपरीवरची, पण चित्र कळलं. काळं आणि पांढरं जिथं मिळतं ना, ती कड. बुबुळाच्या वरचा थर रोज झिजतो आणि या कडेवरच्या मूळ पेशी तो रोज नवा करतात. चुन्याने माझी ती कडच जाळली होती. मग पांढऱ्या भागाची कातडी शिरांसकट काळ्यावर सरकत आली. बांध फुटला की शेजाऱ्याचं तण आपल्या रानात येतं, तसं. साधा_माणूस यांनी म्हटल्यासारखं नुसतं बुबुळ बदललं असतं तर त्या नव्या बुबुळावरही तेच तण चढलं असतं.

माझ्या आजोळी पानमळा होता. पानवेल बियांपासून करत नाहीत. जुन्या वेलीचे तुकडे करतात, प्रत्येक तुकड्याला डोळा पाहिजे (हो, त्यालाही डोळाच म्हणतात), आणि शेवरीच्या बुडाशी पुरतात. तेच बेणं. माझ्यावर तेच केलं. उजव्या डोळ्याच्या कडेवरून 2 मिलिमीटर लांब, 2 मिलिमीटर रुंद एवढाच पापुद्रा काढला. डाव्या डोळ्यावरचा सगळा पडदा सोलून काढला आणि त्या जागी वारेचा पातळ पापुद्रा अंथरला. पोटात बाळाभोवती असतो तो. सिझरिंगच्या वेळी आईला विचारून घेतात, तपासून गोठवून ठेवतात. मग माझ्या पापुद्र्याचे बारीक तुकडे करून गोंदाने त्यावर गोल चिकटवले, मधला भाग मोकळा सोडून. डोळा बधिर होता, पण मी जागा. मोजणी ऐकू येत होती, नऊ झाले. मी म्हणालो, मॅडम, दसवां? तर म्हणे, बात मत करो, हिल रहा है.

वरून एक पट्टीसारखी लेन्स बसवली. उजवा डोळा चार दिवस खुपला. पांढऱ्यावर लाल डाग पडला होता, भिंतीवर कुणी पान थुंकल्यासारखा. तोही गेला. त्या डोळ्याला आज फक्त चाळिशीचा चष्मा आहे, तो वयाने लागला. डाव्यातले तुकडे पसरत पसरत एकमेकांना मिळाले. सहाव्या आठवड्याला गेलो तेव्हा मॅडम म्हणाल्या, सगळा थर धरला.

पण मामा, हे लगेच करत नाहीत, हे मनात धरा. डोळा लाल आहे तोवर हात लावत नाहीत. मला तीनदा परत पाठवलं. रात्रीची गाडी, विकाराबादवरून सकाळी हैदराबाद, थेंब बदलून घ्यायचे आणि संध्याकाळी परत. तिसऱ्यांदा मी भांडलो. त्या शांतपणे म्हणाल्या, आग बुझने दो. चौदा महिने गेले त्यात.

आज डाव्या डोळ्याने बसची पाटी वाचतो, नोट ओळखतो. पेपरातलं बारीक नाही. रात्री समोरून गाडी आली की दिव्याभोवती चंद्रासारखं खळं पडतं. आणि टपरीवर चुन्याची प्लास्टिकची पुडी ठेवत नाही. गिऱ्हाईक शिव्या देतात. म्हणतो, डबी आणा, भरून देतो.

पेट्रीडिश_पुणे

मी डॉक्टर नाही. अकरा वर्षं पेशी वाढवण्याच्या प्रयोगशाळेत काढली, आता कॉलेजात शिकवते. टपरीवाल्या दादांचं बेणं मी उद्यापासून वर्गात वापरणार आहे, आधीच सांगून ठेवते.

फक्त बेण्याच्या आधी रोपवाटिका होती, आणि माझी नोकरी त्या रोपवाटिकेतली. हॉवर्ड ग्रीन आणि जेम्स राइनवाल्ड यांनी 1975 मध्ये माणसाच्या कातडीच्या पेशी बशीत वाढवून दाखवल्या, खाली उंदराच्या पेशींचा थर अंथरून. 1983 मध्ये अमेरिकेत वायोमिंगमधले दोन लहान भाऊ 95 टक्क्यांहून जास्त भाजले. बोस्टनमध्ये त्यांच्याच उरलेल्या कातडीच्या छोट्या तुकड्यांतून कातडी वाढवून अंगाचा मोठा भाग झाकला, आणि दोघे जगले. हीच युक्ती इटलीत ग्राझिएला पेलेग्रिनी आणि मिकेले डी लुका यांनी डोळ्याच्या कडेवर चालवली. 1997 मध्ये दोन रुग्ण. त्याआधी चांगल्या डोळ्याची मोठी फाक कापून जळलेल्या डोळ्याला जोडायचे, त्यामुळे ताईंची भीती अगदीच निराधार नाही, ती जुन्या पद्धतीला शोभणारी आहे.

इटालियन पद्धतीला युरोपात 2015 मध्ये होलोक्लार या नावाने मान्यता मिळाली. 2017 मध्ये ब्रिटनमध्ये एका डोळ्याची छापील किंमत होती 80,000 पौंड! लुटालूट वाटेल, पण मी त्या खोल्यांत उभी राहिलेली आहे. प्रत्येक रुग्णाची वेगळी बशी, गाळलेली हवा, दर टप्प्याला तपासण्या, आणि तयार झालेला थर टिकतो 36 तास. तेवढ्यात विमान उशिरा आलं की संपलं.

हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेत 2001 पासून हेच जरा देशी पद्धतीने सुरू झालं. उंदराच्या पेशी वगळल्या, वारेच्या पापुद्र्यावर तुकडा ठेवायचा, खाद्य म्हणून रुग्णाच्याच रक्तातलं सीरम, 10 ते 14 दिवसांत थर तयार. तिथले डॉक्टर वीरेंदर सांगवान यांना 2006 चा भटनागर पुरस्कार, म्हणजे आपल्याकडचा विज्ञानातला मोठा पुरस्कार, मिळाला. आणि मग 2012 मध्ये त्यांनी, सायन बसू आणि इतरांनी मिळून मांडलं की बशी हवीच कशाला? पापुद्रा तोच, तुकडे तेच, थेट डोळ्यावरच वाढू द्या. डोळा उबदार आहे, ओला आहे, पापणीचं झाकण आहे. अकरा वर्षं दर रविवारी मी इनक्युबेटरचा, म्हणजे पेशी उबवायच्या पेटीचा, कार्बन डायऑक्साइड 5 टक्के आहे ना बघायला जायचे, म्हणून तो लेख वाचून आधी हसू आलं आणि मग जरा पोटात गोळा आला. आमचं अख्खं खातंच त्यांनी एका पापणीखाली बसवलं होतं.

आकडा हवा असेल तर: 2016 मध्ये अशा 125 डोळ्यांचा हिशोब छापला गेला. त्यांतले 95 यशस्वी, म्हणजे 76 टक्के. रुग्णांत मुलंही बरीच होती. फसलेल्यांत आम्लाने भाजलेले, पापण्या डोळ्याला चिकटलेले, आणि पेशी लावतानाच बुबुळही बदललेले डोळे जास्त होते. म्हणून "एकदाच भूल देऊन दोन्ही उरकून टाका" असा आग्रह धरू नका.

नाळेच्या रक्ताचं सरळ सांगते. त्यातल्या मूळ पेशी रक्त बनवणाऱ्या. रक्ताच्या काही आजारांत त्या उपयोगी पडतात, बुबुळाच्या या थरासाठी नाहीत. "स्टेम सेल" हा शब्द सारखा असला म्हणून काम सारखं नसतं. भाऊजींनी फुकट मिळणारी जागा सोडून विकतची धरलीये. हवी ती पेशी मुलीच्या डाव्या डोळ्याच्या कडेवर बसलेली आहे.

दोन्ही डोळे गेले असते तर गोष्ट वेगळी होती. जपानमध्ये ओसाकाच्या निशिदांनी 2004 मध्ये गालाच्या आतल्या पेशींचा थर वाढवून डोळ्यावर लावला होता. तुम्हाला तिथवर जायची गरज नाही.

आता एका गोष्टीत दादांपेक्षा तुमची केस अवघड आहे. दादा मोठे होते, त्यांचा मेंदू बघायला आधीच शिकलेला होता. सहा वर्षांच्या मुलीचा डोळा महिनोन् महिने झाकलेला राहिला की मेंदू त्याला गिनत नाही, मग पडदा गेल्यावरही डोळा आळशीच राहतो. म्हणजे डोळा शांत होईपर्यंत थांबायचं, आणि मेंदूसाठी थांबायचंही नाही. याचा तोल तिथले डॉक्टरच काढतील, पण त्यासाठी त्यांनी तिला आत्ता बघायला हवं. "लाल आहे म्हणून दिवाळीनंतर जाऊ" असं करू नका. ऑपरेशननंतर चांगल्या डोळ्याला पट्टी लावून रोज काही तास आजाऱ्याला कामाला लावावं लागेल, कदाचित वर्षं. घरातला खरा त्रास तो.

निळा_डोंगर

मुंबईत एके ठिकाणी स्टेम सेलचं इंजेक्शन थेट डोळ्यात देतात, टाके नाहीत, दुसऱ्या डोळ्याला हात नाही. तीन लाख सांगितले आमच्या ओळखीत. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ आहे, हवा तर टाकतो.

पेट्रीडिश_पुणे

टाकू नका. 2015 मध्ये फ्लोरिडात तीन बायकांच्या दोन्ही डोळ्यांत त्यांच्याच पोटाच्या चरबीतून काढलेल्या "स्टेम सेल" टोचल्या. दिसत होतं तेही गेलं. आणि मामांच्या भाचीचा बिघाड डोळ्याच्या वर आहे, आत नाही. आत टोचून वरचं तण कसं निघणार?

औसेकर_मामा

सगळ्यांचे आभार. काल पुण्याला फोनवर सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. भाऊजी नाळेच्या रक्तावर अजून पूर्ण हटलेले नाहीत, पण 2 मिलिमीटर हा आकडा ऐकून बहिणीने पट्टी आणवली आणि त्यावर नखाने मोजून बघितलं. मग म्हणाली, एवढंच? पुढच्या आठवड्यात निघतोय. अप्पा पण येणार म्हणतात. आम्ही कुणी विचारलं नव्हतं, त्यांनीच पिशवी भरून ठेवली.

टपरीवाले दादा, एकच शंका. ही पोरगी क्षणभर स्थिर नसते. ती लेन्स आणि तुकडे ती चोळून पाडणार नाही का?

टपरी_उदगीर

पाडेल. माझ्या शेजारच्या खाटेवर सोलापूरकडचा पाच वर्षांचा पोरगा होता, त्याचीही तीच चिंता. नर्सबाईंनी त्याच्या दोन्ही कोपरांभोवती पुठ्ठा गुंडाळून वर पट्टी बांधली होती. हात हलतो, पण कोपर वाकत नाही, म्हणून डोळ्यापर्यंत पोचत नाही. दोन दिवस रडला, मग त्याच हातांनी आम्हा सगळ्यांना लांबून चापट्या मारत वॉर्डभर फिरायला लागला. लहानांना पूर्ण भूल देतात, तेव्हा ऑपरेशनच्या वेळी हलायची काळजी नाही. आणि घरी आल्यावर पुठ्ठा वहीचा घेऊ नका, घामाने मऊ पडतो. बिस्किटाच्या खोक्याचा घ्या. डॉक्टरांना दाखवून मगच बांधा.