कार्ड एकाचं, विमान दुसऱ्याचं

ज्या कंपनीच्या विमानात जास्त बसता तिचंच कार्ड (म्हणजे नेहमीच्या प्रवाशांना माइल्स नावाचे गुण आणि सवलती देणारं सदस्यत्व) घ्या, असं बरेचजण सांगतात. अमेरिकेपुरतं तरी मला ते पटत नाही. मी मुंबईहून फ्रँकफर्टमार्गे शिकागोला जातो आणि मग आठवडाभर डेन्व्हर, ह्यूस्टन असा युनायटेड या अमेरिकी कंपनीच्या विमानांनीच भटकतो. गंमत म्हणजे युनायटेडचं स्वतःचं गोल्ड, म्हणजे वरच्या दर्जाचं कार्ड, असेल, तर निव्वळ देशांतर्गत प्रवासात त्यांच्याच लाउंजमध्ये प्रवेश नाही. युनायटेड ज्या स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात आहे, त्यातल्याच परदेशी कंपनीचं स्टार अलायन्स गोल्ड दाखवलं की आत घेतात, सोबत एक पाहुणाही चालतो. घरच्याला ताक, पाहुण्याला बासुंदी!

म्हणून मी सगळे माइल्स त्याच गटातल्या सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर या सदस्य योजनेत जमा करतो. बारा महिन्यांत ५०,००० एलिट माइल्स (कार्डाचा दर्जा ठरवणारे) झाले की गोल्ड. मात्र साधे, म्हणजे तिकिटासाठी वापरायचे, माइल्स तीन वर्षांनी बाद होतात, आणि ऑफिसने काढलेल्या स्वस्त तिकिटाचा बुकिंग क्लास (भाड्याचा प्रकार दाखवणारं अक्षर) आधी तपासा. काहींवर माइल्स जेमतेमच मिळतात.